गोल्फ क्लब मैदानावर आयटी कॅम्पस: हवा की नको?

त्र्यंबकनाका
आधीच सांगतो, असा कुठलाही प्रस्ताव आलेला नाही. "बातमी कुठे वाचली?" म्हणून कुणी अंगावर येऊ नये. विषय सकाळच्या चहाच्या टोळक्यात निघाला आणि दोन जणांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, म्हणून इथे आणतोय.

गोल्फ क्लब मैदान, म्हणजे कागदोपत्री हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, नाशिक शहराच्या ऐन पोटात आहे. इकडे त्र्यंबक रोड, सिव्हिल हॉस्पिटल, शासकीय विश्रामगृह; तिकडे तिडके कॉलनी, चांडक सर्कल. ठक्कर बाजार बसस्थानक चालत गाठता येतं. पाणी, वीज, ड्रेनेज, रस्ता सगळं दारात. आणि या जागेवर आपण करतो काय? सभा, सेल, प्रदर्शनं. सकाळ-संध्याकाळ चालणारे लोक, त्यात मीही आलो.

आयटीचं नाव काढलं की मात्र आपल्याकडे शहराबाहेरचं कधी आडगाव शिवार, कधी राजूर बहुला. परिषदा होतात, शाली-नारळ होतात, आणि इंजिनीअर झालेली पोरं पुण्याची बस पकडतात. माझं म्हणणं असं: मालकी महापालिकेचीच ठेवायची, जागा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, कडेचा जॉगिंग ट्रॅक राखायचा, आणि मिळणाऱ्या पैशातून शहराबाहेर याच्या दुप्पट मैदान करायचं. यात चूक कुठे आहे ते सांगा. भावनेवर बोलायचं असेल तरी हरकत नाही, पण आकड्यांवर बोललात तर जास्त आवडेल.

मिसळसम्राट
गोल्फ दिसत नाही, क्लब दिसत नाही, आता मैदानही काढा. पाटी तेवढी राहू द्या. हलकं घ्या.

पहाटफेरी
त्र्यंबकनाका, ट्रॅक राखणार म्हणजे नेमकं काय राखणार? मधली माती गेली की कडेची पट्टी म्हणजे काचेच्या इमारतीभोवतीची प्रदक्षिणा. आज तिथे वाऱ्याला जागा आहे. पोरं फुटबॉल खेळत असतात, कुणी सूर्यनमस्कार घालत असतं, एखादी आजी बाकावर जप करत असते. उद्या तिथे पार्किंगचा उतार असेल आणि शिट्टी वाजवणारा रखवालदार असेल.

"शहराबाहेर दुप्पट मैदान" हे तर मी आयुष्यभर ऐकत आलोय. शहराबाहेर म्हणजे जिथे शाळकरी पोरगं सायकलवर जाऊ शकत नाही तिथे. मैदानाची किंमत ते किती एकर आहे यावर ठरत नाही, किती जणांना पायी गाठता येतं यावर ठरते.

आणि नाव नुसतं कागदोपत्री म्हणून उडवून लावलंत म्हणून सांगतो. २१ डिसेंबर १९०९ ला याच शहरात विजयानंद थिएटरात नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कर्वे आणि देशपांडे यांच्यासह त्यांना फाशी झाली. विशीसुद्धा गाठली नव्हती पोरानं. त्यांच्या नावाच्या जागेवर कंपनीचा बोर्ड लागलेला मला तरी बघवणार नाही.

कोडकरी_पुणेकर
काका, आदर ठेवून विचारतो. तुमची मुलं कुठे असतात?

मी सिडकोत वाढलो. शाळा, कॉलेज सगळं नाशिकला. नोकरी लागली ती हिंजवडीत, वाकडला चौघांत एक फ्लॅट. दर शुक्रवारी रात्री नाशिक फाट्यावर बॅग घेऊन उभी असलेली गर्दी बघा एकदा, अर्धी आपल्या जिल्ह्याची असते. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी लॅपटॉप घेऊन सिव्हिलच्या मागच्या रस्त्यावर गाडीत बसून मीटिंग केली आहे. मैदान वाचवा म्हणणाऱ्या बहुतेकांची पेन्शन चालू आहे आणि पोरं बाहेर आहेत. त्यांना संध्याकाळी वारा हवाय. आम्हाला त्या वाऱ्यात राहायला तरी मिळू दे की.

पहाटफेरी
मुलगा बंगळुरूला, मुलगी पुण्याला. प्रश्न रास्त आहे आणि मला टोचला. पण तू एक सांग, त्या मैदानावर कॅम्पस आला असता तर तू परत आला असतास याची खात्री काय? पगार पुण्याचा देतील की नाशिकचा?

कोडकरी_पुणेकर
थोडा कमी दिला तरी येईन. भाडं वाचेल, हायवेवरची शिवीगाळ वाचेल, आईच्या हातचं मिळेल.

मिसळसम्राट
आईच्या हातचं हा मुद्दा सर्वपक्षीय आहे. ठराव एकमताने मंजूर.

अंबडवाला
मी अंबडला छोटं वर्कशॉप चालवतो, मोठ्या कंपन्यांना सुटे भाग देतो. आयटीतला नाही. पण जमिनीचं आणि कारखान्याचं नातं काय असतं ते रोज बघतो, म्हणून लिहितो.

धागाकर्त्याचं गृहीतक असं की कंपन्या येत नाहीत कारण शहरात जागा नाही. अहो, अंबडच्या एमआयडीसीत आयटीसाठी म्हणून बांधलेली इमारत वर्षानुवर्षं रिकामी पडून होती. तिथेही वीज होती, रस्ता होता, जागा तर तयारच होती. कुणी आलं नाही. जागा हीच अडचण असती तर ती इमारत पहिल्या वर्षी भरली असती.

आयटीवाला तीन गोष्टी बघतो. एक, पाच-दहा वर्षं अनुभवाची माणसं त्याच शहरात मिळतात का. नुसती फ्रेशर पोरं कुठेही मिळतात. दोन, ग्राहक सकाळी येऊन संध्याकाळी परत जाऊ शकतो का. ओझर विमानतळावरचं विमान कधी सुरू असतं, कधी बंद पडतं, पुन्हा नव्या शहराला सुरू होतं, त्याचं वेळापत्रक पाठ करायच्या आत बदलतं. तीन, दुसरी कंपनी शेजारी आहे का. माणसाला नोकरी बदलायची तर गाव बदलावं लागू नये. नाशिकला कारखानदारी रुजली ती सातपूर-अंबडमध्ये मायको, महिंद्रा आल्या आणि त्यांच्या भोवती आमच्यासारखे शेकडो छोटे युनिटवाले उभे राहिले म्हणून. त्यांना कुणी शहरातलं मैदान दिलं नव्हतं, सलग वसाहत दिली होती.

एक कॅम्पस म्हणजे वसाहत नव्हे. ती कंपनी उद्या गेली तर? मैदानही गेलं आणि कंपनीही.

त्र्यंबकनाका
अंबडची इमारत शहरापासून लांब, भोवती धूर आणि ट्रक. मुलींना रात्री साडेनऊला तिथून परतायचं म्हणजे काय ते विचारा. मी मध्यवर्ती जागा म्हणतोय ती याचसाठी.

अंबडवाला
मग रात्रीची बस मागा ना! सिटीलिंक २०२१ पासून धावतेय, तिच्या फेऱ्या वाढवायला मैदान खोदावं लागत नाही.

पंचवटीएक्स्प्रेस
बसचा विषय निघालाच आहे तर मेट्रो निओ, म्हणजे आपली ती रबरी टायरवरची मेट्रो, आठवली. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी जाहीर झाले तेव्हा आमच्या डब्यात पेढे वाटले होते. तेव्हापासून एक खांबसुद्धा दिसला नाही.

अवांतर झालं. मूळ विषयावर: मी रोज नाशिकरोडहून मुंबई गाठणाऱ्यांपैकी. मला नोकरी गावात मिळाली तर कुणापेक्षा जास्त आनंद होईल. तरी मैदान द्यायला माझा विरोध आहे, कारण मुंबईत काय झालं ते बघतोय. ज्या शहराने इंच इंच विकला ते शहर आज मोकळ्या जागेसाठी रेसकोर्सकडे बघतं. महालक्ष्मीची २११ एकर जागा, तिच्या भाडेपट्ट्याचा वाद किती वर्षं चालला. शेवटी २०२४ मध्ये १२० एकर पालिकेच्या उद्यानासाठी घ्यायची आणि ९१ एकर क्लबकडे ठेवायची असं ठरलं. म्हणजे तिथे उलटी गंगा: श्रीमंतांच्या खेळाची जागा लोकांसाठी सोडवताहेत. आपल्याकडे जागा आधीच लोकांची आहे, आणि आपण ती सोडायला निघालो.

कॅलिफोर्नियाची_गोदा
हा धागा वाचून हसूच आलं, कारण आमच्या इथे शब्दशः हेच झालं आहे, आणि इथे खरोखर गोल्फ होता.

सॅन होजेच्या शेजारी सांता क्लारा शहर आहे. तिथे शहराच्या मालकीचं १८ होलचं गोल्फ मैदान होतं, फुटबॉलच्या मोठ्या स्टेडियमला लागून. भारतात गोल्फ म्हटलं की साहेब आणि पट्टेवाला डोळ्यांसमोर येतो, पण इथलं शहराचं मैदान म्हणजे सामान्यांचं. निवृत्त पोस्टमन, शिक्षिका, शाळेची पोरं थोडक्या पैशात खेळायची. ते मैदान जुन्या कचरा डेपोवर माती टाकून केलेलं. २०१६ मध्ये नगरपरिषदेने तिथे साधारण २४० एकरांवर ऑफिसं, दुकानं, हॉटेलं, घरं अशा प्रचंड प्रकल्पाला मंजुरी दिली. "शहराच्या तिजोरीत भर पडेल, कायमस्वरूपी भाडं मिळेल" हे तिथलंही वाक्य. २०१९ मध्ये मैदान बंद केलं. खेळणाऱ्यांनी बराच आरडाओरडा केला, काही उपयोग झाला नाही.

आता दोन गोष्टी, ज्या तुम्हाला उपयोगी पडतील. पहिली, शेजारच्या सॅन होजे शहराने या प्रकल्पाविरुद्ध कोर्टात धाव घेतली. तक्रार अशी की नोकऱ्या इतक्या आणताय आणि घरं त्या मानाने नगण्य, मग ही माणसं राहणार आमच्याकडे, गाड्या आमच्या रस्त्यांवर, आणि कर जमा होणार तुमच्याकडे. दुसरी, गोल्फ बंद झाला, इमारती मात्र नाहीत. वर्षामागून वर्षं गेली, मधे कोविड आला, लोक घरून काम करायला लागले, ऑफिसांची मागणीच बदलली. मैदान होतं तेव्हा निदान कुणीतरी खेळत होतं.

आजच्या काळात ऑफिसच्या इमारतीसाठी मैदान देताना निदान एवढं विचारा की पंधरा वर्षांनी लोक ऑफिसला येणार आहेत का.

मिसळसम्राट
म्हणजे कॅम्पस कचरा डेपोवर चालतो! मग पाथर्डीचा खत प्रकल्प आहे की आपल्याकडे. जागा मोठी, नजारा पांडवलेण्यांचा, वास तेवढा सांभाळून घ्यावा लागेल.

तोफखाना_निवृत्त
ज्यांना गोल्फ बघायचाच आहे त्यांनी देवळालीला लष्कराच्या हद्दीत डोकवावं, अर्थात पास असेल तर. बाकी शहरातल्या या मैदानाला हे नाव साहेबाच्या काळातलं चिकटलंय एवढंच. चालू द्या.

डावखुरा
त्या मैदानावर मी पोरांना क्रिकेट शिकवतो. धागाकर्ते म्हणतात "सभा, सेल, प्रदर्शनं". साहेब, तिथे रणजीचे सामने होतात. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र-बडोदा सामना झाला, फुकट बघायला मिळाला, शाळांनी पोरं आणली होती. ज्याला टीव्हीवर बघतो तो सीमारेषेवर दहा फुटांवर उभा राहून पाणी पितोय, हे पोराच्या डोक्यात काय करतं ते मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशीपासून नेट्सना वेळेआधी येतात.

टर्फची खेळपट्टी म्हणजे नुसती २२ यार्डांची पट्टी नव्हे. खाली मुरूम-वाळूचे थर, वर चिकणमाती, गवताची मुळं धरायला हंगाम जावे लागतात, रोज पाणी, रोलर, कापणी. "दुप्पट मैदान बाहेर करू" म्हणणाऱ्याने आधी तिथे एक खेळपट्टी करून दाखवावी, पाच वर्षं सांभाळावी, मग इकडच्या गवताला हात लावावा.

पण खरी तक्रार माझी दुसऱ्यांबद्दल आहे. सभा झाली की मैदानात मांडवाच्या खुंट्यांचे खड्डे, खिळे, तारांचे तुकडे, बाटल्यांची झाकणं. डाइव्ह मारलेल्या पोराच्या कोपरात खिळा घुसलेला मी स्वतः काढलाय. मैदान वाचवायला निघालेले हे कधी बोलत नाहीत. तेव्हा कॅम्पसवाल्यांवर एकट्यावर राग नको. निम्मं मैदान आपण आधीच मांडववाल्यांना देऊन बसलोय.

त्र्यंबकनाका
डावखुरा, हाच तर माझा मुद्दा! मैदान म्हणून आपण ते वापरतच नाही.

डावखुरा
वापर नीट होत नाही म्हणून जागाच विकायची? तसं असेल तर महापालिकेच्या निम्म्या शाळा उद्या द्या.

कॉम्रेड_सुरगाणा
सभा होतात हा आरोप असल्यासारखं सगळे बोलताय. सभा कुठे व्हाव्यात मग? हॉटेलच्या हॉलमध्ये?

जानेवारी २०२१ मध्ये किसान सभेचा मोर्चा गाड्यांनी मुंबईला निघाला तो याच मैदानातून. हजारो माणसं होती, डोंगरातली, वनजमिनीचे दावे काखोटीला मारून आलेली. २०१८ चा पायी लाँग मार्च ६ मार्चला सीबीएस चौकातून निघाला आणि १२ तारखेला आझाद मैदानात पोचला. तो निघाला त्याच्या आदल्या-मागल्या कितीतरी बैठका या भागातल्या मोकळ्या जागांवर झाल्या. पेठ-सुरगाण्याच्या माणसाची एसटी ज्या स्थानकावर येते तिथून चालत पोचता येईल असं मैदान या शहरात किती उरलंय? सरकारला गाऱ्हाणं सांगायला माणसाला उभं राहायला जागा लागते. झेंडा कुठलाही असो. उद्धव ठाकऱ्यांची जानेवारी २०२४ ची सभा तिथेच झाली, इतरांच्याही होतात.

डावखुरा यांची खिळ्यांची तक्रार मात्र शंभर टक्के मान्य. अनामत रक्कम घ्या, मैदान साफ न करता जाईल त्याची जप्त करा.

हरसूलची_मी
पहिल्यांदाच लिहितेय इथे. मराठी टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

मी पोलीस भरतीची तयारी करते. आम्ही पाच-सहा जणी जवळच खोली करून राहतो. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते, मुलांना १६०० मीटर. पहाटे अंधारातच मैदानावर असतो. ट्रॅकवर चालणारे काका-काकू असतात म्हणून घरचे पाठवतात. रस्त्यावर पळायचं तर डांबराने नडगी भरून येते आणि गाड्यावाले हॉर्न मारत जवळून जातात. खासगी अकॅडमीची फी आम्हाला झेपत नाही. मैदानाला फी नाही.

वर सगळे "नोकरी की मैदान" असं लिहिताहेत. कोडकरी दादांचं दुःख समजलं, खरंच. पण त्या कॅम्पसमध्ये मला कोण घेणार? कला शाखेची पदवी आहे माझी. आमच्याकडे ज्या ज्या घरात पगार सुरू झाला तो भरतीतून, सैन्यातून, पोलिसातून, वनरक्षकातून. त्यातले निम्मे या नाहीतर भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर पळालेत. कविता राऊत ताई सावरपाड्याच्या, आमच्याच बाजूच्या. नाशिकला आल्या, भोसलाच्या मैदानावर सराव केला आणि २०१० मध्ये राष्ट्रकुलात दहा हजार मीटरला पदक आणलं. मैदानातूनही नोकरी मिळते एवढंच सांगायचं होतं. ट्रॅकजवळ मुलींसाठी स्वच्छ बाथरूम हवं, ते कुणी लिहिलं नाही.

पहाटफेरी
पोरी, तुझा प्रतिसाद वाचून माझे वरचे सगळे प्रतिसाद फिके वाटायला लागले. खूप पळ.

कोडकरी_पुणेकर
हरसूलची_मी, तुमच्याशी भांडणच नाही. माझ्या बोलण्याचा रोख चुकीच्या माणसांवर गेला असं वाटू देऊ नका. बाथरूमला +१.

सिन्नरकर
शहरवाल्यांची गंमत वाटते. मैदान जाणार या नुसत्या कल्पनेने इतके प्रतिसाद! आमच्याकडे गुळवंच-मुसळगावकडची हजारो एकर शेतजमीन सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) गेली, त्याला सुमारे वीस वर्षं होत आली. तेव्हाही हेच: पोरांना नोकऱ्या, तालुक्याचं सोनं. १,३५० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र उभं राहिलं आणि वर्षानुवर्षं चिमणी थंड. बाकी जमिनीवर कुंपण आणि बाभळी. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची पोरं कुठे आहेत माहीत आहे? माळेगावला कंत्राटी हेल्पर.

म्हणून सरळ सल्ला. कॅम्पस हवाय ना? आमच्याकडे या. कुंपण घातलेली जमीन आहे, समृद्धीचा रस्ता झालाय, शिर्डीचं विमानतळही फार लांब नाही. आधी तिथल्या बाभळी काढा. ज्यांनी घेतलेली जमीन वापरून दाखवली नाही त्यांना नवी मागायचा हक्क कसा पोचतो?

अंबडवाला
सिन्नरकर, अनुमोदन. पडीक जागेवर कुणाची नजर जात नाही, कारण तिथे रस्ता, पाणी, वीज कंपनीला ओढून न्यावी लागते. शहरातल्या मैदानावर हे सगळं तुमच्या-आमच्या करातून आधीच आलेलं असतं. फुकट मिळतं म्हणून ते गोड लागतं.

त्र्यंबकनाका
फुकट कुठे म्हटलं मी? बाजारभावाने भाडं घ्या.

वकीलीण_बाई
बराच वेळ गप्प वाचत होते. कायद्याचं थोडं सांगते, कारण "महापालिका देऊन टाकेल" आणि "महापालिका देऊच शकत नाही" ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत.

विकास आराखड्यात जागा खेळाच्या मैदानासाठी दाखवली असेल तर तिचा वापर बदलायला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम ३७ वापरतात. त्यात फेरबदलाची सूचना प्रसिद्ध करावी लागते, हरकती-सूचनांसाठी एक महिना द्यावा लागतो, सुनावणी होते आणि शेवटचा शिक्का राज्य सरकारचा. हा फेरबदल आराखड्याचं मूळ स्वरूप बदलणारा नसावा, असं कलमातच आहे. शहराच्या मध्यातलं मोठं मैदान ऑफिस संकुल करणं हा "किरकोळ" बदल कसा, हा पहिला वाद तिथेच उभा राहील.

भाडेपट्ट्याचं वेगळं. महापालिका अधिनियमाचं कलम ७९ आहे, मालमत्ता देताना मोबदला बाजारभावापेक्षा कमी नसावा हे त्याचं सूत्र. मग मैदानाचा बाजारभाव कुठला धरायचा? मैदान म्हणून की व्यापारी भूखंड म्हणून? खरी मारामारी या आकड्यावर होते. त्र्यंबकनाका आकडे मागत होते, हा घ्या आकड्याचा प्रश्न.

सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा निकाल आहे, बंगळुरूचा. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी दिली होती. रहिवासी कोर्टात गेले. मोकळी जागा ही लोकांच्या हिताची राखीव असते, ती मंत्र्याच्या मर्जीने खासगी संस्थेला देता येत नाही, असं म्हणून ते वाटप रद्द झालं. आणि तिथे निदान हॉस्पिटल होतं! मैदानाच्या बाजूने लढणाऱ्याला हा निकाल पहिल्या पानावर लागतो.

मात्र कोर्टावर विसंबून घरी बसू नका. मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षं आपल्या महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासकच होते. त्या काळात हरकतींच्या नोटिसा किती जणांनी वाचल्या? वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येतात. महिना निघून जातो आणि मग लोक विचारतात, हे झालं कधी.

गंगापूररोड_गृहिणी
तपोवनाचं विसरलात का सगळे? २०२५ च्या शेवटी साधुग्रामासाठी झाडं तोडायचा विषय आला तेव्हा लोक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले. कुंभमेळ्याला कुणाचाच विरोध नव्हता. त्याच परिसरात कायमचं प्रदर्शन केंद्र करायची निविदा निघाली तेव्हा लोकांना वाटलं की साधूंच्या नावाने तिसऱ्याचीच सोय चाललीय. ओरडा झाला तो त्या संशयाचा. कॅम्पस कुणाचा, किती वर्षांसाठी, कुणी ठरवलं, हे आधी उघड असतं तर लोक इतके चिडत नाहीत.

बाय द वे, डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर सेल लागले की आमच्या गल्लीतून गाडी काढता येत नाही. तेव्हा सेलवाल्यांना गोल्फ क्लबवरून हाकलून आमच्याकडे पाठवू नका, ही नम्र विनंती.

मिसळसम्राट
सेलमधल्या तीनशे रुपयांच्या चादरीशिवाय नाशिककराचं घर पूर्ण होत नाही ताई. चादर कुठेतरी पसरावी लागणारच.

पंचवटीएक्स्प्रेस
धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत एक विचारतो. वाहतुकीचं कुणी बोललंच नाही. त्र्यंबक नाका ते मायको सर्कल संध्याकाळी सहाला आज काय असतं? श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरी फेरीची गर्दी त्र्यंबकला निघते तेव्हा? २०२७ च्या कुंभमेळ्याच्या पर्वण्यांना? तिथे रोज हजारो गाड्या आत-बाहेर करणारं ऑफिस म्हणजे सिव्हिलला येणारी ॲम्ब्युलन्स अडकलीच समजा. हिंजवडी तर गावठाणाबाहेर मोकळ्या माळावर वसवली, तरी तिथे काय हाल आहेत ते कोडकरी सांगेल.

कोडकरी_पुणेकर
तीन किलोमीटरला पाऊण तास. पाऊस असेल तर सांगता येत नाही. एक लक्षात घ्या, हिंजवडी कुठल्याच महानगरपालिकेत नव्हती, ग्रामपंचायतीच्या डोक्यावर आयटी पार्क बसवलं. म्हणून मला वाटायचं की शहरात असेल तर नियोजन बरं होईल. पण त्र्यंबक नाका... हो, तो मुद्दा पटतो.

त्र्यंबकनाका
चला, इतके प्रतिसाद आल्यावर मूळ प्रश्नाकडे येतो. मैदान द्यायला इथे कुणीच तयार नाही हे कळलं. माझं मत पूर्ण बदललं असं नाही. शहराच्या मध्यात तरुणांना काम मिळायला हवं यावर मी ठाम आहे. पण मग पर्याय बोला. नुसतं "नको" म्हणणं सोपं असतं, आणि ते म्हणून आपण सगळे जेवायला जातो. कोडकरी पुण्यातच राहतो.

माझ्याकडून एक: शहरात महापालिकेची बांधलेली व्यापारी संकुलं आहेत, त्यांचे वरचे मजले रिकामे, गाळे बंद. तिथे दहा-वीस माणसांच्या छोट्या कंपन्यांना स्वस्तात बसू द्या. मोठा कॅम्पस येईल तेव्हा येईल.

अंबडवाला
हे आधी लिहिलं असतंत तर मी पहिल्याच प्रतिसादात +१ दिला असता.

डावखुरा
आणि मैदानावर सभांना ठरावीक दिवस, बाकी दिवस खेळ. अनामत जप्तीचं कॉम्रेडने लिहिलंय ते लेखी द्यायला मी तयार आहे.

पहाटफेरी
वकीलीण बाई, आराखड्यात त्या जागेवर नेमकं काय लिहिलंय ते कुठे बघायला मिळेल? मी निवृत्त आहे, चकरा मारायला वेळ भरपूर.

वकीलीण_बाई
महापालिकेच्या राजीव गांधी भवनात नगररचना विभाग. मंजूर विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि त्यासोबतचा अहवाल मागा. मोबाइलवर फिरणारे रंगीत फोटो नको, सही-शिक्क्याची प्रत घ्या. फी भरून पावती ठेवा. सर्व्हे नंबर आधी काढून नेलात तर एका खेपेत होईल, नाहीतर "उद्या या".

कोडकरी_पुणेकर
काका, येत्या शनिवारी मी नाशिकला आहे, पण शनिवारी ऑफिस बंद असतं ना सरकारी? सोमवारी सुट्टी टाकतो. स्कॅन करून इथे चढवायचं काम माझं. आणि रिकाम्या गाळ्यांची यादीही त्याच खेपेत माहिती अधिकारात मागू, अर्ज मी लिहून आणतो.

मिसळसम्राट
सोमवारी अकराच्या आत जाऊ नका, साहेब जागेवर नसतात. आधी मिसळ खाऊन घ्या. कुठली, यावर वेगळा धागा काढा, इथे नको.